फारखतीची सही : बांधकाम देयकांच्या वादात तडजोडपत्राचे पुराव्यातील स्थान

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ पडला आणि त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. महाराज बाड्याच्या भोवतीची जुनी मराठी घरे, जयविलास राजवाडा आणि शिंदेकालीन सार्वजनिक इमारती यांमुळे लष्कराला बांधकामाची मोठी परंपरा लाभली आहे. बांधकाम आले की ठेका आला, ठेका आला की देयक आले आणि देयक आले की वादही आला. असा वाद मिटवताना लिहून दिल्या-घेतल्या जाणाऱ्या कागदाला मराठी दफ्तरांत ‘फारखत’ हा नेमका शब्द आहे. देणे फिटले, आता काही मागणे उरले नाही, असे येणेकऱ्याने लिहून दिलेले पत्र म्हणजे फारखत. आजच्या सरकारी कार्यालयांत त्याला ‘नो क्लेम’ दाखला किंवा ‘फुल अँड फायनल’ पावती म्हणतात. नाव बदलले तरी त्या सहीचे परिणाम तेवढेच गंभीर आहेत.

गोव्यातील सार्वजनिक बांधकाम खात्याची कामे घेणारा छोटा कंत्राटदार असो, बार्देश किंवा फोंडा तालुक्यात स्वतःचे घर बांधून घेणारा मालक असो, अथवा लष्करातील मराठी ठेकेदार असो, या सहीसमोर सर्वांची स्थिती सारखीच असते. पुराव्याचा, कराराचा आणि मुदतीचा कायदा दोन्ही ठिकाणी एकच आहे. दाद मागण्याचे दार मात्र वेगळे आहे. प्रस्तुत लेखात तडजोडीच्या पत्रांचे प्रकार, न्यायालयात त्यांचे मोल आणि ती लिहिताना बाळगायची सावधगिरी यांचा क्रमाने विचार केला आहे.

एक उदाहरण

विषय समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. लष्करातील एका ठेकेदाराने राज्य शासनाच्या एका खात्याचे १ कोटी ४० लाख रुपयांचे इमारतीचे काम घेतले. काम चालू असताना तोंडी आदेशांवरून पाया अधिक खोल घेतला गेला आणि संरक्षक भिंत वाढली. ठेकेदाराच्या हिशेबाने हे जादा काम १८ लाखांचे, म्हणजे एकूण काम १ कोटी ५८ लाखांचे झाले. चालू देयकांपोटी त्याला १ कोटी २१ लाख मिळाले होते. त्यामुळे त्याची मागणी ३७ लाखांची होती.

खात्याने जादा कामापैकी ६ लाखच मान्य केले, विलंबापोटी ४ लाख दंड कापला आणि अंतिम देयक २१ लाखांचे केले. फरक १६ लाखांचा राहिला. शिवाय अनामत रकमेचे ७ लाख खात्याकडेच होते. कार्यालयात ठेकेदारासमोर छापील नमुना ठेवण्यात आला : ‘वरील रक्कम मला माझ्या सर्व मागण्यांच्या पूर्ण व अंतिम फेडीपोटी मान्य आहे, यापुढे माझा कोणताही दावा राहणार नाही.’ सही केल्यास २१ लाख आठवड्यात मिळणार होते; न केल्यास देयक पुढे सरकणार नव्हते. वाळू-सिमेंटवाल्याची उधारी, मजुरांची थकलेली मजुरी आणि बँकेचे हप्ते समोर असताना त्या माणसाने काय करावे, आणि त्याने सही केली तर उरलेल्या १६ लाखांचे काय होते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

पत्रांचे चार प्रकार

‘तडजोडीचे पत्र’ या एकाच नावाखाली चार निरनिराळे कागद येतात आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो.

पहिला प्रकार तडजोडीच्या प्रस्तावाचा. वाद चालू आहे, बोलणी चालू आहेत आणि एक पक्ष लिहितो, ‘आम्ही ३० लाखांवर प्रकरण मिटवायला तयार आहोत.’ हा केवळ देकार आहे. तो स्वीकारला गेला नाही तर करार होत नाही.

दुसरा प्रकार पक्क्या तडजोडीचा. देकार आणि स्वीकार दोन्ही झाले, रक्कम व अटी ठरल्या आणि दोघांच्या सह्या झाल्या. हा स्वतंत्र करार आहे.

तिसरा प्रकार फारखतीचा, म्हणजे पैसे घेताना एकट्या ठेकेदाराने लिहून दिलेल्या पावतीचा किंवा दाखल्याचा.

चौथा प्रकार कबुलीपत्राचा. ‘आपले अंतिम देयक तपासणीत आहे, निधी येताच रक्कम अदा केली जाईल,’ असे खात्याचे उत्तर वरवर साधे दिसते. परंतु देणे असल्याची कबुली त्यात दडलेली असते.

पहिल्या प्रकारचा कागद बहुधा पुराव्यात येऊ शकत नाही. दुसरा हा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. तिसरा पुराव्यात येतो, पण त्याला उत्तर देता येते. चौथा मुदतीच्या प्रश्नात ठेकेदाराला तारू शकतो.

‘हक्कास बाध न येता’ या शब्दांचा अर्थ

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. जुन्या कायद्यातील कलम २३ मधील तत्त्व आता कलम २१ मध्ये आहे. दिवाणी प्रकरणात एखादी कबुली तिचा पुरावा दिला जाणार नाही अशा स्पष्ट अटीवर केलेली असेल, किंवा पुरावा द्यायचा नाही असे दोन्ही पक्षांनी आपसांत ठरवले होते असा निष्कर्ष परिस्थितीवरून न्यायालयाला काढता येत असेल, तर ती कबुली ग्राह्य धरली जात नाही. त्यामागचा हेतू सरळ आहे. बोललेला प्रत्येक शब्द उद्या आपल्याच अंगावर येणार असेल, तर समेटाची बोलणी करायला कोणी बसणारच नाही.

व्यवहारात अशा पत्रांच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ असे लिहितात. मराठीत त्याला ‘हक्कास बाध न येता’ म्हणणे योग्य. मात्र केवळ शीर्षकाने संरक्षण मिळत नाही. पत्र खरोखरच विद्यमान वाद मिटवण्यासाठी लिहिलेले असावे लागते. नेहमीच्या देयकपत्रावर, कामाच्या प्रगतीच्या अहवालावर किंवा मोजमाप कळवणाऱ्या पत्रावर हे शब्द छापून ठेवल्यास तो कागद गुप्त होत नाही. उलट, शीर्षक नसले तरी मजकूर व परिस्थिती पाहता ती समेटाची बोलणीच होती असे दिसले, तर संरक्षण मिळू शकते.

याच विषयावरचा इंग्लंडमधील प्रसिद्ध निवाडा बांधकामाच्या देयकावरूनच झाला. ‘रश अँड टॉम्पकिन्स’ ही मुख्य कंत्राटदार कंपनी ग्रेटर लंडन कौन्सिलसाठी घरबांधणीचे काम करत होती. तिने कौन्सिलशी तडजोड केली. त्या तडजोडीतील पत्रव्यवहार आपल्याला पाहायला मिळावा, अशी मागणी उपकंत्राटदाराने केली. आपल्या दाव्याचे मोल त्या बोलण्यांत किती धरले होते, हे त्याला जाणून घ्यायचे होते. १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती मागणी नाकारली. तडजोड होऊन गेल्यानंतरही आणि तिसऱ्या पक्षाविरुद्धही अशा पत्रांचे संरक्षण टिकते, असा त्या निवाड्याचा सारांश आहे. मुख्य कंत्राटदार आणि उपकंत्राटदार अशी साखळी असलेल्या आपल्याकडील कामांतही हा प्रश्न वारंवार येतो.

सलोख्याच्या आणि मध्यस्थीच्या औपचारिक कार्यवाहीला याहून व्यापक संरक्षण आहे. तेथे मांडलेले प्रस्ताव, दिलेल्या कबुल्या आणि दाखवलेली तयारी पुढे लवादात किंवा न्यायालयात वापरता येत नाही.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. संरक्षण बोलण्यांना असते. बोलण्यांतून निघालेल्या कराराला नसते. तडजोड झाली होती की नाही आणि झाली असल्यास कोणत्या अटींवर, हाच वाद असेल, तर ती सिद्ध करण्यासाठी ते कागद पाहावेच लागतात.

फारखत दिली म्हणजे सर्व संपले काय?

भारतीय करार कायद्याचे कलम ६३ येणेकऱ्याला मोठी मोकळीक देते. तो आपले येणे पूर्णतः किंवा अंशतः सोडू शकतो आणि मूळ देण्याऐवजी दुसरे काही स्वीकारू शकतो. कायद्यातच दिलेले उदाहरण असे : ५,००० रुपये देणे असता देणेकऱ्याने २,००० दिले आणि येणेकऱ्याने ते संपूर्ण देण्याच्या फेडीपोटी स्वीकारले, तर सारे कर्ज फिटले. येणे सोडण्यासाठी वेगळा मोबदला मिळालाच पाहिजे, असे या कलमाला अपेक्षित नाही. म्हणून स्वेच्छेने दिलेली फारखत भारतात फार प्रभावी ठरते.

येथे ‘स्वेच्छेने’ या शब्दावर सारा भार आहे. याविषयीचा मूलभूत निवाडा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये ‘नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बोघारा पॉलिफॅब’ या प्रकरणात दिला. प्रकरण विम्याचे होते, परंतु न्यायालयाने दिलेल्या उदाहरणांपैकी एक थेट बांधकामाचे आहे. कंत्राटदाराची मागणी १० लाखांची आहे. मालक ६ लाखच मान्य करतो आणि पूर्ण फेडीची पावती ठरावीक नमुन्यात दिल्याखेरीज हे मान्य केलेले ६ लाखही देणार नाही, असे सांगतो. पैशाच्या निकडीत असलेला कंत्राटदार सही करतो. अशी फारखत आर्थिक दडपणाखाली दिलेली असल्याने ती त्याला बांधत नाही आणि उरलेल्या ४ लाखांचा वाद लवादाकडे नेता येतो, असे न्यायालयाने म्हटले. याउलट, मोठा दावा करणाऱ्याने खटला टाळण्यासाठी आपणहून मागणी कमी केली आणि समोरच्याने ती मान्य केली, तर तो वाद संपला, असेही त्याच निकालात आहे.

आपल्या उदाहरणातील लष्करचा ठेकेदार यांपैकी पहिल्या चित्राशी जुळतो. २१ लाख खात्यानेच मान्य केले होते. मान्य देणे अडवून धरून अमान्य देण्यावर पाणी सोडायला लावणे, हा येथील दडपणाचा गाभा आहे.

दडपण होते हे सिद्ध कसे होणार?

‘माझ्यावर दडपण होते’ एवढे म्हणून भागत नाही. ते सिद्ध करण्याचा भार दडपणाचा आरोप करणाऱ्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयाचे तीन निवाडे शेजारी ठेवले की फरक स्पष्ट होतो.

‘एनटीपीसी विरुद्ध रेश्मी कन्स्ट्रक्शन्स’ (२००४) या प्रकरणात कंत्राटदाराने छापील ‘मागणी नाही’ दाखल्यावर सही केली. परंतु त्याच दिवशी, दाखल्याशिवाय देयक मिळणार नसल्याने आपण नाइलाजाने सही केली आहे, असे पत्र हक्क राखून पाठवले. दाखला असूनही त्याचा लवादाचा मार्ग मोकळा राहिला. बलवान पक्षापुढे दुर्बळाला कधी कधी वाकावे लागते, या वास्तवाची न्यायालयाने दखल घेतली.

‘युनियन ऑफ इंडिया विरुद्ध मास्टर कन्स्ट्रक्शन’ (२०११) मध्ये उलट घडले. कंत्राटदाराने दाखले दिले, अंतिम रक्कम घेतली, बँक हमी सोडवून घेतली आणि त्यानंतर दाखले मागे घेत असल्याचे कळवले. दडपणाचा तपशील नव्हता आणि आधारही नव्हता. न्यायालयाने त्याची बाजू स्वीकारली नाही.

‘युनियन ऑफ इंडिया विरुद्ध परमार कन्स्ट्रक्शन’ (२०१९) हे प्रकरण रेल्वेच्या कामांचे होते. अंतिम देयकासोबत ठरावीक नमुन्यात घेतलेले ‘नो क्लेम’ दाखले हा लवादाला अंतिम अडसर मानला गेला नाही.

यांतून एक व्यावहारिक सूत्र निघते. न्यायालय तीन गोष्टी पाहते : सही कोणत्या परिस्थितीत झाली, हरकत केव्हा नोंदवली आणि हरकतीला त्या काळातील कागदाचा आधार आहे काय. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी गेलेल्या पत्राचे वजन वेगळे. सहा महिन्यांनी वकिलाच्या नोटिशीत प्रथमच उमटलेल्या आरोपाचे वेगळे.

लवाद नेमण्याच्या टप्प्यावर न्यायालयाने या प्रश्नात किती खोल शिरावे, याविषयी मतभिन्नता होती. जुलै २०२४ मध्ये ‘एसबीआय जनरल इन्शुरन्स विरुद्ध क्रिश स्पिनिंग’ या निकालाने ती बरीचशी दूर केली. त्या टप्प्यावर न्यायालयाने लवादाचा करार प्रथमदर्शनी अस्तित्वात आहे काय, एवढेच पाहावे; पूर्ण फेड झाली होती की नाही, हा प्रश्न लवादानेच पुरावा घेऊन ठरवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्यामुळे फारखत हा लवादाच्या उंबरठ्यावरचा अडसर राहिला नाही. आत गेल्यावर मात्र तो एक महत्त्वाचा पुरावा आहेच.

पत्रव्यवहार चालू म्हणजे मुदत थांबली, हा गैरसमज

देयकांच्या वादात सर्वाधिक नुकसान या एका समजुतीने होते. विनंती केल्यावरून केलेल्या कामाचा मोबदला मागण्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आहे. स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे पाठवल्याने ती वाढत नाही. २०१९ च्या ‘जिओ मिलर’ प्रकरणात राजस्थानातील कामांची जुनी देयके मागणाऱ्या कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मुद्द्यावर नकार दिला. बोलणी खरोखरच चालू होती आणि ती अमुक दिवशी तुटली, असा इतिहास दाव्यात नेमकेपणाने मांडून सिद्ध केला, तर न्यायालय तो विचारात घेऊ शकते. परंतु एकतर्फी स्मरणपत्रे म्हणजे बोलणी नव्हेत.

मुदत नव्याने सुरू होते ती समोरच्याच्या कबुलीने. मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार अशी कबुली लेखी, सही केलेली आणि मूळ मुदत संपण्यापूर्वीची असावी लागते. तिच्यात रकमेचा अचूक आकडा नसला, देण्याची वेळ अजून आलेली नाही असे म्हटले असले, किंवा सोबत देण्यास नकार असला, तरीही ती कबुली ठरू शकते. कलम १९ नुसार मुदतीत झालेल्या अंशतः भरण्यानेही नवी मुदत मिळते. मात्र त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी. म्हणून खात्याचे प्रत्येक उत्तर, अगदी टाळाटाळीचेही, जपून ठेवावे.

गोव्यातील वाचकांसाठी येथे एक स्थानिक संदर्भ आहे. मुक्तीनंतर बराच काळ पोर्तुगीज नागरी संहितेतील मुदतीच्या तरतुदी गोव्यात लागू आहेत की नाहीत, हा वादाचा विषय होता. १९७९ च्या बार्रेतो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थानिक कायदा म्हणून टिकल्याचे मानले होते. २००१ च्या ‘सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक’ निकालाने ती भूमिका बदलली आणि १९६३ चा मुदत कायदाच प्रभावी असल्याचे सांगितले. जुन्या समजुतीवर विसंबून कोणी कंत्राटाचे येणे लांबवू नये.

लष्करचे दार भोपाळला, गोव्याचे पर्वरीला

मध्य प्रदेशात शासकीय कामांच्या वादांसाठी वेगळी व्यवस्था आहे. मध्य प्रदेश माध्यस्थम अधिकरण अधिनियम, १९८३ नुसार राज्य शासन आणि त्याच्या नियंत्रणाखालील उपक्रम यांच्या कामांतील ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निश्चित रकमेचा वाद भोपाळ येथील अधिकरणासमोर जातो. दिवाणी न्यायालयाला त्यात अधिकार नाही. ठेकेदाराने आधी करारात नेमलेल्या अंतिम प्राधिकाऱ्याकडे वाद मांडावा लागतो. त्याचा निर्णय कळल्यापासून एक वर्षात, आणि सहा महिन्यांत निर्णयच झाला नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्षात, अधिकरणाकडे जावे लागते. अधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध उच्च न्यायालयात पुनरीक्षण करता येते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला असून ग्वाल्हेर आणि इंदूर येथे १९६८ पासून स्थायी खंडपीठे आहेत. रेल्वे, संरक्षण खाते किंवा खासगी मालक यांच्या कामांचे वाद मात्र करारातील लवाद कलमानुसार, आणि ते नसल्यास न्यायालयात चालतात.

याचा तडजोडपत्राशी थेट संबंध आहे. कार्यपालन यंत्री ‘वरिष्ठांशी बोलून मिटवू’ असे पत्र देत राहिला, तरी अंतिम प्राधिकाऱ्याकडे वाद मांडल्याखेरीज अधिकरणाचे दार उघडत नाही. समेटाच्या आशेवर हा टप्पा राहून गेलेला ठेकेदार कागदपत्रे भक्कम असूनही बाहेर राहू शकतो.

गोव्यात असे अधिकरण नाही. करारात लवाद कलम असल्यास १९९६ चा लवाद व सलोखा कायदा लागू होतो आणि लवाद नेमण्यावरून अडथळा आल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या पर्वरी येथील गोवा खंडपीठाकडे अर्ज करता येतो. गोवा शासन पक्षकार असलेल्या दोन निवाड्यांनी या कायद्याचा अर्थ देशभरासाठी स्पष्ट केला आहे. ‘स्टेट ऑफ गोवा विरुद्ध वेस्टर्न बिल्डर्स’ (२००६) मध्ये, चुकीच्या मंचासमोर प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदतीतून वगळण्याची सवलत लवादाचा निवाडा रद्द करण्याच्या अर्जालाही मिळते, असे ठरले. ‘स्टेट ऑफ गोवा विरुद्ध प्रवीण एंटरप्रायझेस’ (२०११) मध्ये, लवादापूर्वीच्या नोटिशीत उल्लेख नसला तरी समोरचा पक्ष लवादासमोर प्रतिदावा मांडू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. दुसऱ्या निवाड्यातून तडजोडीसाठी बोध असा : मिटवणी लिहिताना केवळ कंत्राटदाराचे दावे संपले असे लिहू नये, मालकाचे दंड, दोषदुरुस्ती व वसुलीचे दावेही संपले किंवा कोणते राहिले, हे लिहून घ्यावे.

तडजोडपत्र कसे लिहावे

पक्क्या तडजोडीचे पत्र लिहिताना पुढील बाबी असाव्यात. मूळ कराराचा क्रमांक व दिनांक. वाद नेमका कोणत्या बाबींचा. ठरलेली रक्कम आणि ती देण्याची तारीख. व्याज धरले आहे की नाही. अनामत रक्कम व बँक हमी कधी सुटणार. वस्तू व सेवा कर कोणी भरायचा. दोषदायित्वाचा काळ चालू राहणार काय. सर्वांत महत्त्वाचे कलम हे, की ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी मिळाली नाही तर मूळ दावा पुन्हा जिवंत होईल. हे वाक्य नसल्यास ठेकेदाराने मूळ मागणी सोडलेली असते आणि कमी केलेल्या रकमेसाठीही पुन्हा दारोदार फिरण्याची वेळ येते.

मूळ करारातील लवाद कलम तडजोडीलाही लागू राहील, असे स्पष्ट लिहावे. ‘किशोरीलाल गुप्ता’ प्रकरणात १९५९ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की नव्या कराराने जुना करार पूर्णपणे संपुष्टात आणला तर त्यातील लवाद कलमही त्याबरोबर जाते.

सही करणाऱ्याला अधिकार आहे काय, हेही तपासावे. शासनाच्या करारांना संविधानाच्या अनुच्छेद २९९ ची चौकट आहे; कनिष्ठ अभियंत्याच्या सद्भावनेच्या पत्राने शासन सहसा बांधले जात नाही. खासगी कंपनीच्या बाबतीत अधिकारपत्राची किंवा ठरावाची प्रत मागावी. ५,००० रुपयांवरील पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावण्याची जुनी शिस्तही सोडू नये.

दावा आधीच न्यायालयात चालू असेल, तर बाहेर केलेली तडजोड खिशात ठेवून स्वस्थ बसू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ खाली ती लेखी, सह्यांसह सादर करून तिच्यावर हुकूमनामा घ्यावा. लोकअदालतीत झालेल्या निवाड्यालाही दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते.

सही करणे भागच असेल तर

निकड कोणालाही येऊ शकते. छापील नमुन्यावर सही केल्याविना मान्य रक्कमही मिळत नसेल, तर शक्य असल्यास सहीखालीच लिहावे : ‘मान्य केलेल्या रकमेपुरते, उर्वरित दाव्यांचे हक्क राखून.’ कार्यालय ते लिहू देत नसेल, तर त्याच दिवशी स्वतंत्र पत्र नोंदणीकृत टपालाने किंवा ई-मेलने पाठवावे. त्यात सही कोठे, केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून करावी लागली, कोणती रक्कम मान्य होती, कोणत्या बाबी अमान्य आहेत आणि त्यांचे मोल किती, हे शांत शब्दांत लिहावे. आपल्या उदाहरणात ते असे होईल : जादा कामाचे १२ लाख आणि दंडाचे ४ लाख, एकूण १६ लाख रुपये अमान्य. त्याच पत्रात व्याजाची लेखी मागणी करावी, कारण १९७८ च्या व्याज कायद्याखाली करारात तरतूद नसताना व्याज मिळण्यासाठी अशा नोटिशीची तारीख मोलाची ठरते. हे पत्र खरे असले तरच पाठवावे. स्वेच्छेने केलेला सौदा नंतर मोडण्यासाठी ते हत्यार म्हणून वापरले, तर न्यायालय ते ओळखते.

खासगी घरबांधणीत मालकालाही हेच लागू आहे. ‘हिशेब पुरा झाला’ अशी चिठ्ठी देताना गळणारे छत, अपुरी रंगरंगोटी किंवा अर्धवट वीजजोडणी यांचा उल्लेख राहिला, तर पुढे कंत्राटदार तीच चिठ्ठी दाखवतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘ओके’

आता बरीचशी बोलणी मोबाइलवर होतात. ‘सोळा नाही, दहावर मिटवू’ या संदेशाला आलेल्या ‘ओके’नेही तडजोड झाल्याचा दावा उभा राहू शकतो. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात देण्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यातील अशाच प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्यातील निवडणुकीवरून उद्भवलेल्या ‘अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ प्रकरणात अधोरेखित केली. म्हणून फोन बदलताना संदेश पुसून टाकू नयेत. निव्वळ स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नये आणि तोंडी ठरलेले त्याच संध्याकाळी ई-मेलने कळवून पक्के करावे.

समारोप

तडजोड वाईट नाही. आठ-दहा वर्षे चालणाऱ्या खटल्यापेक्षा चार पैसे कमी घेऊन मोकळे होणे अनेकदा शहाणपणाचे असते, आणि कायदाही समेटाच्या बोलण्यांना आडोसा देतो तो याचसाठी. परंतु समेट आणि शरणागती यांत फरक आहे आणि तो न्यायालयाला दिसतो केवळ कागदातून. लष्करच्या त्या कल्पित ठेकेदाराने नाइलाजाची सही करून त्याच दिवशी हरकतीचे पत्र टपालात टाकले असेल आणि वाद वेळेत अंतिम प्राधिकाऱ्याकडे मांडला असेल, तर त्याचे १६ लाख निदान मागता येण्याजोगे राहतात. ते पत्र गेले नसेल, तर १६ लाखांच्या विरोधात पुराव्यात उभी राहील ती त्याची स्वतःचीच सही. फारखतीवर सही करण्यापूर्वी ती घरी नेऊन एकदा वाचावी, आणि वाचायला वेळच दिला गेला नाही तर तेही लिहून ठेवावे.